आजोळच्या वाटेवर

सातपुरात राहणारा माणूस सिन्नरला मुक्कामाला निघाला, म्हणजे शेजारीपाजारी त्याच्याकडे थोड्या काळजीने पाहू लागतात. सिन्नर आमच्यापासून चाळीस किलोमीटरांच्या आत. तिथून रोज सकाळी माणसे सातपूरच्या कारखान्यांत कामाला येतात आणि संध्याकाळी भोंगा झाला की घरी परततात. "अहो प्रोफेसर, सिन्नरला कुणी राहायला जातं का? दुपारी जा, चहाला परत या," असे खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला जिन्यातच अडवून सांगितले. माझ्या हातात वळकटी होती, हिच्या हातात डब्यांची पिशवी, कन्येच्या कानात मोबाइलच्या तारा, आणि या साऱ्या लवाजम्याच्या पुढे आमची चौऱ्याहत्तर वर्षांची आई, नवे लुगडे नेसून. काकांना काय सांगणार? "आम्ही प्रेक्षणीय स्थळे पाहायला निघालो आहोत," एवढेच म्हटले. ते खरेही होते. पण सगळे खरे नव्हते.

त्याचे असे झाले. माझा एक भाचा फ्रान्समध्ये तुलूझ येथे विमानांच्या उद्योगात नोकरीला आहे. पोराला पत्रे लिहायची हौस आहे, आणि आजीला मोबाइलवरचे वाचता येत नाही म्हणून तो तिला चित्रांची कार्डे टपालाने धाडतो. गेल्या दिवाळीत त्याचा एक जाडजूड लखोटा आला. सुटी घेऊन तो आणि त्याचे मित्र तिकडची लहान लहान जुनी गावे हिंडत होते. आल्बी हे विटांच्या भल्यामोठ्या चर्चचे गाव. कॉर्द हे १२२२ साली तुलूझच्या सरदाराने टेकडीवर वसवलेले. खाली दरीत धुके साचले की गाव ढगांवर तरंगते असे वाटते, म्हणून त्याच्या नावातच आता 'आकाशावरचे' असा शब्द जोडला आहे. कार्कासोन हे दुहेरी तटबंदीचे. आणि सार्ला, पिवळ्या दगडांच्या घरांचे. भाच्याने लिहिले होते, "मामा, इथे घाई कुणालाच नसते. एक गाव, एक दिवस. सकाळी बाजार, दुपारी गल्ल्या, संध्याकाळी चौकात बसून राहायचे. तुम्ही असे कधी सिन्नर पाहिले आहे का?"

प्रश्न वर्मी लागला. पंचवीस वर्षे पुण्याला जाता-येता मी सिन्नर पाहिले ते एस.टी.च्या खिडकीतून.

पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती. "आजीच्या माहेरचा येवल्याचा वाडा अजून तसाच आहे ना? पुढच्या वर्षी माझे इथले मित्र येणार आहेत. त्यांना तो दाखवायचा आहे."

आता योगायोग असा, की त्याच आठवड्यात येवल्याहून माझ्या मामेभावाचा निरोप आला होता. वाडा पाडायचा ठरला आहे. त्या जागी तीन मजली इमारत उठणार. खाली दुकाने, वर दोघा भावांची बिऱ्हाडे. त्यासाठी आत्याचे हक्कसोडपत्र हवे. १९५६च्या वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलीही वारस झाल्या आणि २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित घरादारात त्यांचा हक्क मुलाइतकाच झाला. त्यामुळे ज्या घरातून आई लग्न होऊन, तांदळाचे माप ओलांडायला सातपूरला आली, त्या घराचे पुढे काय व्हायचे ते आता तिच्या सहीवर येऊन ठेपले होते. आई त्यावर हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही. "जाऊन बघते," म्हणाली. मग मीच म्हटले, जायचेच आहे तर भाच्यासारखे जाऊ. नाताळच्या सुटीत चार दिवस काढले. शनिवारी सिन्नर, रविवारी निफाडवरून येवला, सोमवारी कचेरी, मंगळवारी चांदवडवरून घरी. सगळे मिळून अडीचशे किलोमीटरांच्या आतबाहेर. जुन्या मोटारीला तेवढे झेपते.

सिन्नरला पोचलो तेव्हा उन्हे कोवळी होती. गोंदेश्वराचे देऊळ गावाच्या कडेला, मोकळ्या आवारात उभे आहे. यादवांचे राज्य देवगिरीला स्थिरावण्याआधी त्यांचा मुक्काम या सिन्नर भागात होता. देऊळ त्या काळचे, अकराव्या-बाराव्या शतकातले. राव गोविंद नावाच्या कुणी ते बांधले, असे सांगतात. मधोमध शंकराचे मोठे मंदिर, चार कोपऱ्यांत चार लहान मंदिरे, समोर नंदीचा मंडप, आणि सगळे मिळून एका उंच जोत्यावर. याला पंचायतन म्हणतात. शिखराची तऱ्हा मात्र नीट थांबून पाहावी अशी. खालून वर चार बाजूंना चार उभे पट्टे जातात आणि त्या पट्ट्यांमधल्या जागेत त्याच शिखराच्या लहान लहान प्रतिकृती ओळीने रचलेल्या. खाली मोठ्या, वर जाताना बारीक बारीक होत गेलेल्या. या पद्धतीला भूमिज म्हणतात. अंबरनाथचे १०६० सालचे देऊळ याच घराण्यातले.

मी हे सारे वर्गात सांगावे तसे सांगत होतो. आई नंदीजवळ टेकली होती. ती म्हणाली, "आधी देवाला नमस्कार कर, मग व्याख्यान दे." कन्या खुदकन हसली. तिने मग कानातल्या तारा काढल्या आणि शिखरावरच्या प्रतिकृती मोजायला घेतल्या. तीनदा मोजल्या, तिन्हीदा निराळा आकडा आला. चौथ्या वेळी आजीला सोबतीला घेतले. दोघी दगडी जोत्यावर उन्हात बसून माना वर करून मोजत होत्या, आणि आम्ही नवराबायको डबा उघडून बसलो होतो. तासभर गेला. माझ्या लक्षात आले, की पंचवीस वर्षांत देवळापाशी तासभर मी बसलोच नव्हतो.

संध्याकाळी गावात हिंडलो. बिड्यांच्या धंद्याने सिन्नर एके काळी घरोघरी जगवले. ओट्यावर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका हे इथले जुने चित्र. आता कारखानदारी वाढली आणि ते विरळ झाले आहे. गावाजवळून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता २०२५च्या जूनमध्ये पुरा खुला झाला. त्यावरून जाणाऱ्याला सिन्नर दिसतच नाही. नावाची पाटी येते आणि मागे पडते. लॉजच्या मॅनेजरने आमचा पत्ता वाचला, सातपूर, आणि मान वर करून विचारले, "घरी काही झालं का साहेब?"

रविवारी सकाळी नांदूर मध्यमेश्वरला थांबलो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला, त्यामागे गाळ साचत गेला, पाणथळ झाली, आणि पक्ष्यांनी ती आपली मानली. २०२० साली रामसर यादीत गेलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ. थंडीचे दिवस, पाण्यावर वाफ. काळ्या अंगाचे आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले शेकडो पक्षी पोहत होते. त्यांना मराठीत 'वारकरी' म्हणतात हे सांगितल्यावर आईने चक्क हात जोडले. भाषेचा अध्यापक म्हणून मला इतका आनंद वर्गात क्वचितच होतो.

निफाडला फार वेळ काढला नाही. न्यायमूर्ती रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी इथे जन्मले, हे कन्येला सांगितले. तिला त्या गावच्या थंडीचे कौतुक अधिक वाटले. हिवाळ्यात महाराष्ट्रातले नीचांकी तापमान म्हणून निफाडचे नाव वर्तमानपत्रात झळकते ना! द्राक्षबागा रस्त्याच्या दोन्ही अंगांना. पुढे विंचूर, पानिपतावरून परतलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीचे गाव. तिथे चहा घेतला. चहाच्या दुकानात आई एकदम बोलू लागली. "इथून पुढं टांगा मिळायचा का हो आता?" असे तिने दुकानदाराला विचारले. तो बिचारा हसला. टांगे जाऊन जमाना झाला, हे तिलाही ठाऊक होते.

येवला! हे गाव दुसऱ्या कुठल्या देशात असते, तर त्याच्यावर चार चांगली पुस्तके निघाली असती. रघोजी नाईकांनी पैठणचे विणकर इथे आणून वसवले, असे गावकरी सांगतात. पैठणचा वारसा येवल्याने असा काही उचलला, की पैठणी म्हटले की आज लोक आधी येवल्याची वाट धरतात. १८५७चे सेनानी तात्या टोपे यांचा जन्म इथला, १८१४चा. वडील दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी, म्हणून पेशवाई गेल्यावर ते ब्रह्मावर्ताला गेले. १८५९च्या एप्रिलात शिवपुरीला फाशी गेलेला हा माणूस मूळचा येवल्याचा, हे कितीजणांच्या ध्यानात असते?

आणि याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घोषणा केली, की हिंदू म्हणून जन्मलो ते माझ्या हातात नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३०ला सुरू झाला होता; पाच वर्षे दारे उघडली नाहीत. त्याचे उत्तर येवल्यात मिळाले, आणि एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपुरात ते पुरे झाले. त्या जागेला मुक्तिभूमी म्हणतात. आम्ही तिथे गेलो. पाच-सहा गावांकडची माणसे टेम्पोने आली होती. एक म्हातारी पायऱ्यांना हात लावून तो डोळ्यांना लावत होती. आई तिच्याजवळ जाऊन बसली. दोघी कुठल्या कोण, पण पाच मिनिटांत गुडघेदुखीवर बोलू लागल्या. निघताना आई म्हणाली, "त्या सालात आमचे आजोबा गावातच होते. पण घरात कधी कुणी यातलं एक अक्षर बोललं नाही." मी काही बोललो नाही. आपल्या घरांच्या आठवणीत काय ठेवायचे आणि काय गाळायचे हेही कुणीतरी ठरवलेले असते.

वाड्यात पोचलो ते दिवेलागणीला. मामेभाऊ दारातच उभा होता. वहिनींनी आत्याच्या पायांवर पाणी घातले, तुकडा ओवाळून टाकला. वाडा माझ्या आठवणीपेक्षा लहान निघाला. चौकातली तुळस, ओसरीचे सागवानी खांब, देवळीतली काजळी, सगळे होते. पण मागची सोप्याची भिंत पोटातून फुगली होती, आणि माजघराच्या तुळईला लोखंडी टेकू लावला होता.

रात्री जेवणे झाल्यावर मी भाच्याचे पत्र काढले आणि थोडे व्याख्यान दिले. सवय, दुसरे काय! १८४९ साली फ्रान्सच्या सरकारनेच कार्कासोनचे तट पाडायचा हुकूम काढला होता, गावातल्या लोकांनी ओरड केली, तेव्हा वर्षभरात हुकूम मागे घेतला आणि १८५३पासून व्हियोले-ल-द्युक नावाच्या वास्तुशिल्प्याने ते नीट बांधून काढले. १९६२ साली मालरो या मंत्र्याने कायदा केला, की एकटे देऊळ किंवा राजवाडा नव्हे, तर जुन्या वस्तीचा सगळा भागच्या भाग जपायचा. सार्ला हे त्याचा लाभ झालेल्या पहिल्या गावांपैकी एक. १९८२ साली तर तिकडच्या खेड्यांनी 'सर्वांत सुंदर गावे' अशी संघटनाच काढली. दोन हजारांच्या आत वस्ती आणि दोन तरी संरक्षित वास्तू असल्याशिवाय तीत प्रवेश नाही.

मामेभावाने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "दादा, त्या कायद्यात घरमालकाला काय मिळतं?"

"दुरुस्ती केली तर करात सवलत मिळते," मी म्हटले.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "आमच्या धाब्यावर दर साली पावसाच्या आधी पांढरी माती टाकावी लागते. ती टाकणारी माणसं राहिली नाहीत. गेल्या दोन पावसाळ्यांत आम्ही माजघरात पातेली मांडून झोपलोय. पोराला मुलगी बघायला गेलो, तर त्यांनी आधी विचारलं, संडास घरात की चौकापलीकडे? तुम्ही चार दिवसांसाठी येता आणि खांबांवरून हात फिरवता. खांब आहेतच सुरेख. तुम्ही राहाल का इथं?"

मला उत्तर नव्हते. सातपूरच्या सिमेंटच्या इमारतीत, नळाला चोवीस तास पाणी घेऊन, मी विद्यार्थ्यांना वाडा संस्कृतीवर निबंध लिहायला सांगतो, हे त्याला ठाऊक नसले तरी मला ठाऊक होते.

आई इतका वेळ सुपारी कातरत होती. तिने विचारले, "नव्या इमारतीत तुमचं बिऱ्हाड कितव्या मजल्यावर?"

"आमचं पहिल्या, धाकट्याचं दुसऱ्या."

"मग लिफ्ट आहे का?"

मामेभाऊ गडबडला. नकाशात लिफ्ट नव्हती, खर्च वाढतो.

"माझे गुडघे असे," आई म्हणाली. "मला वाटा नको, पैसा नको. पण माहेरपणाला आले तर तुमच्या दारापर्यंत मला पोचता आलं पाहिजे. लिफ्ट लावा, उद्या सही करते."

कुणी काही बोलेना. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "लावू आत्या. एक दुकान लहान करू." दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिले, पण नाही म्हणायची छाती कुणाची नव्हती.

सोमवारी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आमचा नंबर लागेपर्यंत दुपार झाली. यंत्रावर आईचा अंगठा उमटेना. भाकऱ्या थापून रेघा झिजलेल्या. चौथ्या खेपेला उमटला. बाहेर येऊन तिने रुमालाने बोट पुसले आणि म्हणाली, "आता पैठणी दाखव पोरीला."

विणकराचे घर जवळच होते. माग घरातच, खड्ड्यात पाय सोडून बसायचा. पैठणीची खरी मौज अशी, की पदरावरचा मोर मागाहून भरलेला नसतो. प्रत्येक रंगाच्या आडव्या धाग्याची निराळी छोटी कांडी. ती आपापल्या जागेपुरती जाते, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकते आणि परत फिरते. म्हणून उलटी-सुलटी दोन्ही बाजूंनी नक्षी तीच. कारागीर पदर उलटा करून दाखवत होता. कन्येने विचारले, "दिवसाला किती होतं?" त्याने बोटांनी जेमतेम इंचभर अंतर दाखवले आणि म्हणाला, "पदर भरगच्च असला तर एवढं." भरजरी नगाला महिनेच्या महिने जातात. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी मागावरची आणि यंत्रावरची यांतला फरक गिऱ्हाइकाला समजावता समजावता त्याचे अर्धे आयुष्य गेले, असे तो हसत हसत म्हणाला. हिने किंमत विचारली. नंतर चांदवडपर्यंत ही फारशी बोलली नाही.

संक्रांत तीन आठवड्यांवर आली होती, त्यामुळे गल्लीत पतंगांची दुकाने लागली होती. येवल्याची संक्रांत तीन दिवस चालते, धाब्याधाब्यांवर हलकडी वाजते. इथे फिरकीला आसारी म्हणतात. आईने मामेभावाला माळ्यावर चढवले आणि तिच्या भावाची, म्हणजे आमच्या मामांची, जुनी आसारी शोधून आणायला लावली. धूळ खाल्लेली, दांडा हाताळून गुळगुळीत झालेला. वाड्यातून तिने तेवढेच मागून घेतले.

मंगळवारी अनकाई-टनकाईचे जोडकिल्ले डाव्या-उजव्या खिडक्यांतून पाहत, मनमाड ओलांडून चांदवडला आलो. चांदवडी रुपया एके काळी या भागात चालत होता, त्याची इथे टांकसाळ होती. होळकरांचा रंगमहाल गावात आहे. दगडी दरवाजा, आत लाकडी खांबांची कोरीव ओळ, भिंतींवर रंगवलेली चित्रे. कुठे जुने, कुठे डागडुजी झालेले. अहिल्याबाईंचे नाव चांदवडकर आजही घरच्या माणसासारखे घेतात. १७६७ ते १७९५ राज्य करून त्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळे, घाट, धर्मशाळा बांधल्या. नव्या खांबांचे लाकूड जुन्यापेक्षा पिवळे दिसत होते. आईने दोन्हींवर हात फिरवून पाहिला. "सरकारचं आहे म्हणून झालं," एवढेच म्हणाली. रेणुकादेवीच्या पायऱ्या तिला चढवल्या नाहीत. खालूनच हात जोडले.

पिंपळगाव बसवंतला, जिथे कुसुमाग्रजांचे बालपण गेले, टोमॅटोच्या गाड्यांच्या रांगेत तासभर अडकलो. सातपूरला पोचलो तेव्हा दुसऱ्या पाळीचे कामगार घरी चालले होते. काका जिन्यातच भेटले. "काय पाहिलं मग चार दिवस?" मी म्हटले, "सिन्नर." त्यांनी मान हलवली.

भाच्याला काय लिहावे, ते मला आठवडाभर सुचेना. शेवटी आईनेच त्याला फोन लावायला लावला. "वाडा पाडतायत रे. तुझे मित्र यायच्या आत एकदा ये. आणि सिन्नरला रात्र काढायची, एका दिवसात उरकायचं नाही." पलीकडे तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, खांबांचे काय करणार? ते मामेभावाने दुकानांच्या पुढे लावायचे कबूल केले आहे. सगळे नाहीत, दोन.

संक्रांतीला कन्येने गच्चीवर आसारी नेली. जुना दोरा कुजलेला. पहिल्याच वाऱ्याला तुटला. नायलॉनच्या मांज्याला बंदी आहे आणि आमच्या घरात तो येतही नाही. खालच्या काकांनी साधा दोरा आणून दिला, आणि आईने उन्हात खुर्ची टाकून तो स्वतः आसारीवर गुंडाळला.